दगडावरचा सातवा माणूस

निवृत्त होऊन कायमची सांगलीला राहायला आले, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी विचारलं, "कॉलेजात काय शिकवायचात तुम्ही?" मी म्हटलं, "इतिहास." त्यावर त्या म्हणाल्या, "बरं की मग. जे झालं ते झालं, दरवर्षी नवी तयारी नको." मी हसून वेळ मारून नेली. उभा जन्म ज्या विषयात घातला त्याच्याबद्दल असं काहीबाही ऐकून घ्यायची सवय आता अंगवळणी पडली आहे.

मी साताऱ्याच्या पूर्व भागातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी. ए.च्या मुलांना इतिहास शिकवला. माहेर वाईचं, म्हणजे बारमाही नदीकाठचं, आणि नोकरी अशा मुलखात की जिथं पाहुण्याला चहा आधी आणि पाणी बेताने मिळे. यजमान कुपवाडला एका कारखान्यात, म्हणून घर सांगलीत. मी आठवडाभर कॉलेजच्या गावी खोली करून राहायची आणि शनिवारी एसटीने घरी यायची. नवीन लागले तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत बदली करून घेऊ. ती काही झाली नाही, आणि पुढे मीच मागितली नाही.

आमच्याकडे इतिहासाला मुलं येत नाहीत, ती उरतात. सायन्सला मार्क कमी पडले, कॉमर्सच्या जागा भरल्या, मग घरचे म्हणतात, बीए कर, इतिहास घे, सोपा असतो. मुलगे भरतीची वाट बघणारे. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावायचे, अंघोळ करून पहिल्या तासाला बसायचे आणि दहा मिनिटांत डोळे मिटायचे. मी त्यांना कधी उठवलं नाही. असाच एक पेंगणारा मुलगा ट्रेनिंग संपवून पेढे घेऊन आला होता. ताठ उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमच्या तासाला जशी झोप लागायची, तशी पुन्हा कुठं लागली न्हाई." एवढी प्रामाणिक पावती मला दुसऱ्या कुणी दिली नाही.

मुली येत त्या जमेपर्यंत. स्थळ जमलं की परीक्षेच्या आधी लग्नाची पत्रिका यायची. किती हुशार पोरी अशा मधूनच उठून गेल्या, त्यांची आठवण आली की अजून जीव हळहळतो. त्यांच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, जेवले, आणि परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसले.

आणि गिऱ्हाइकं! इतिहासाच्या प्राध्यापकाकडे गिऱ्हाइकं येतात हे लोकांना खरं वाटत नाही. एक गृहस्थ मोठी गाडी घेऊन आले आणि आमचं घराणं मूळचं सरदार होतं असं कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या म्हणाले. मी पुरावा मागितला. "त्यो तुमी शोधायचा. तुमचं कामच हाय ते," असं उलट मलाच ऐकवलं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला त्याच्या अंगणातल्या जांभळीखाली कुणीतरी राजा विसावलेला हवा होता. "थांबला असेल की एखादा, मॅडम." मी म्हटलं, "थांबला असेलही. पण मला सांगून थांबला नाही." तो बिचारा हिरमुसला. जाताना स्ट्रॉबेरीची पेटी मात्र ठेवून गेला.

ह्या धंद्यातली मूळ गोष्ट एवढीच आहे. एकानं सांगितलं तर ती गोष्ट होते, एकमेकांना न विचारता दोघांनी तेच सांगितलं की इतिहासाला सुरुवात होते. आणि साक्षीदाराच्या तोंडात आपला घास कोंबायचा नाही. "तुमचे आजोबा शूर होते ना हो?" असं विचारलं तर जगात कुणीही 'नाही' म्हणणार नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे सांगायची, आणि तिसऱ्या वर्षाला प्रकल्पाच्या निमित्तानं त्यांच्याच गावात पाठवायची. आपल्या गावाचा इतिहास स्वतः फिरून, विचारून लिहायचा. बरीचशी मुलं कुणाचा तरी जुना प्रकल्प उतरवून आणत. काही मुलं मात्र खरोखर फिरत.

आमच्या कॉलेजपासून थोड्या अंतरावर एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही. तिथं चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातला एक दगड बसवलेला आहे. सातारा-सांगलीकडे असे दगड पुष्कळ गावांत आहेत, रोजच्या येण्याजाण्यात त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्या महायुद्धाला ह्या गावातून इतके जण गेले आणि त्यांपैकी सात जणांनी प्राण दिले, एवढंच त्यावर कोरलेलं. नावं नाहीत. सरकारला आकडा पुरला.

ही सात नावं शोधायची, असं मी त्या गावच्या मुलांना दर वर्षी सांगत आले. कुणी म्हाताऱ्या फौजींना भेटलं, कुणी घरातली पदकं बघितली, कुणाला भिंतीवर जुना फोटो मिळाला. एकेक करत सहा नावं पक्की झाली. सातवं काही केल्या सापडेना. कुठल्याच घरात त्याची आठवण नव्हती. मला ते फार लागायचं. सहा माणसं परत घरी आल्यासारखी वाटायची आणि एक बाहेरच उभा आहे असं वाटायचं.

मग गावातल्या माजी सैनिकांनी ठरवलं की चावडीसमोर नवं स्मारक बांधायचं आणि त्यावर नावं घालायची. पुढाकार सुभेदार नानांचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चालताना हात अजून कवायतीसारखे हलायचे. सातवं नाव हवंय अशी हाक उठली मात्र, एकदम तीन घरं पुढे आली. इतकी वर्षं ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला एकाएकी तीन तीन वारस! एकानं तर नंतरच्या लढाईतलं पदक आणून दाखवलं. नानांनी तिघांनाही माघारी धाडलं आणि जाहीर केलं, "कागद असल तर बोला. फौजेत कागद आल्याबिगर माणूस मेला असं धरत न्हाईत." त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

त्याच वर्षी त्या गावची अश्विनी तिसऱ्या वर्षाला होती. घर मेंढपाळांचं. वडील अजून मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर खाली उतरायचे, थोडी शेतीही होती. पोरगी अबोल. पण वर्गात जिथं कधी कुणी झोपलेलं नसे अशी जागा एकट्या तिचीच होती. एकदा मी प्रकल्प कधी आणून देणार असं विचारलं तर म्हणाली, "म्हादेवाच्या वारी देते, मॅडम." वर्ग खो खो हसला. ती लाल झाली.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. "सोमवार का म्हणत नाहीस गं?"

"आमच्या घरात बायका त्यो वार तोंडानं घेत न्हाईत, मॅडम. आईबी न्हाई, आजीबी न्हाई. शेजारचा सोमनाथ हाय, त्याला आजी म्हादू म्हणती."

"का?"

"ठावं न्हाई. पहिल्यापासनं हाय."

मला वाटलं, देवभक्ती असेल. पण देवाचा वार म्हणून टाळायचा तर ह्यांचा मोठा देव खंडोबा, त्याचा आयतवार ही माणसं तोंडभरून म्हणतात. मग दुसरीच शंका आली. आपल्याकडे बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं घ्यायचं नाही, आणि त्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा टाळायचा, ही जुनी रीत. मी अश्विनीला म्हटलं, "तुमच्या घरात कुणी सोमा होता का, बघ."

तिनं वंशावळ काढून आणली. पणजोबा बिरा, त्यांचा मुलगा म्हणजे आजोबा, मग वडील, चुलते. सोमा कुठंच नाही. कागदावर नसलेल्या माणसाचं नाव घरातल्या बायका तीन पिढ्या टाळत होत्या.

ती रात्रंदिवस त्याच्याच मागे लागली. एक दिवस घाईघाईनं स्टाफरूममध्ये आली आणि मोबाईलवरचा फोटो पुढे धरला. त्यांच्या देवघरातला चांदीचा टाक. घराण्यातला कुणी अकाली, घाताने गेला की त्याची मूर्ती पातळ पत्र्यावर उठवून देवांत ठेवतात, तो टाक. घरचे त्याला नुसतं 'वीर' म्हणत. दसऱ्याआधी देव चिंचेनं घासायचं काम लहानपणापासून अश्विनीचं. घासून घासून वीराचा चेहरा पार गुळगुळीत झाला होता. खांद्यावर काहीतरी लांबडं होतं.

"घरात समदी म्हणत्यात, ही मेंढक्याची काठी. पण मॅडम, काठीला पट्टा कशाला असंल? घासताना बोटाला लागतोय पट्टा. ही बंदूक हाय."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पट्टा होता. कुणा सोनारानं घोडा-तलवारीऐवजी बंदुकीचा वीर उठवला होता, आणि तो इतकी वर्षं देवांच्या ओळीत उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही.

बाकीचं तिनंच जुळवलं. घरात एक थट्टा चालत आलेली, की पणजी पणजोबापेक्षा वयानं मोठी होती. नवरा मेल्यावर धाकट्या दिराशी पाट लावायची रीत त्यांच्यात होती. म्हणजे सोमा थोरला, तो लढाईवर गेला आणि आला नाही. त्याच्या बायकोचा धाकट्या बिराशी पाट लागला. मग त्या घरात त्याचं नाव कोण काढणार? पुरुष विसरून गेले. बायकोनं पहिल्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि सुनेला सांगितलं, ह्या घरात तो वार म्हणायचा नाही.

ती सून म्हणजे अश्विनीची आजी. ऐंशी कधीच ओलांडलेली. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाशी, आजारी कोकरू मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, तुमच्या सासूबाई म्हादेवाचा वार का म्हणायच्या?"

"म्हणायच्या."

"पण का?"

"आवं बाई, सासूला का म्हणून इचारायचं असतंय व्हय?" आणि कोकराच्या तोंडात बोट घालून ती दुसरीकडे बघायला लागली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला कळलं नाही. 'त्यांचं नाव सोमा होतं ना?' हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. आजीनं प्राध्यापकीण बाईंच्या मानापोटी मान हलवली असती, आणि त्या मान हलवण्याला काडीची किंमत उरली नसती.

अश्विनीनं सगळं प्रकल्पात लिहिलं. शेवटी लिहिलं की हे अनुमान आहे, पक्का पुरावा नाही. ते वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. वाचून मला तिचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. तिला म्हटलं, "एखादा कागद मिळाला असता तर बरं झालं असतं गं." ती पटकन म्हणाली, "आमी मेंढरांमागं, मॅडम. कागद करायला थांबलंच कुणी?" मग आपण जास्त बोललो असं वाटून प्रकल्पाची पानं सारखी करायला लागली.

प्रकल्प नानांनी मागून घेऊन वाचला. दगडावर नावं कोरणारा माणूस यायचा होता, त्याच्या आधी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं.

"दोनदा वाचलं, मॅडम. पोरगी खोटं लिव्हत न्हाई. पण तीन घरं मी कागद न्हाई म्हणून माघारी लावली. आता हिचं घर कसं घेऊ? गाव काय म्हनंल?"

अश्विनी म्हणाली, "नाना, आजीला इचारू नका. ती सांगणार न्हाई. पण तिच्या म्होरं नाव घ्या."

मी म्हटलं, "एकटं तेच नाव घेतलं तर मला चालणार नाही. म्हाताऱ्या माणसाला सुचवल्यासारखं होईल."

नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हजेरी घेऊ. जुन्या काळची धा-पंधरा नावं. त्यात ह्ये एक. पोरी, तुझ्या पणज्याचं, आज्याचं, चुलत आज्यांचं नाव काय काय, ते सांग. ती त्यातनं काढून टाकतो. म्हातारीला आधी कुणी काय बोलायचं न्हाई."

त्या रविवारी मी सांगलीला गेले नाही. सकाळी चावडीसमोर निम्मं गाव गोळा झालं होतं. माघारी धाडलेल्या तीन घरांतले लोक तर झाडून आले होते, आणि ते का आले होते हे सांगायला नको. हजेरीत काहीच घडलं नाही तर अश्विनीचं घर गावात चौथं खोटं घर ठरलं असतं. वडील मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर पोरीला शिकवल्याचा पश्चात्ताप आत्ताच दिसायला लागला होता. अश्विनी माझ्या शेजारी उभी होती.

आजीला नानांनी हाताला धरून आणलं आणि पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ती आधी नको म्हणाली. नाना म्हणाले, "आवं काकू, बसा वर. तुमच्याहून थोर आता गावात हाय कोण?" ते खरंच होतं. जिच्यासमोर बसताना बाकीच्यांनी विचार करावा अशी ती. तिनं ज्याच्यासमोर खाली बसावं असं माणूस गावात उरलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला टेकली. डोईवर पदर होताच, नेहमीसारखा.

नानांनी टोपी नीट केली आणि हातातला कागद वाचायला सुरुवात केली. आवाज परेडचा. आधी पक्की झालेली सहा नावं. प्रत्येक नावाला त्या त्या घरातलं कुणीतरी मान खाली घालत होतं. मग पुढची नावं. गणपा. आजी चावडीच्या कौलांकडे बघत होती. तुका. राणू. पाठीमागे कुणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं. म्हंकाळू. आजीनं गुडघ्यावर बसलेली माशी हाकलली. मारुती. लिंबा. तीन घरांपैकी एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागून हसला. मला वाटलं, झालं, संपलं हे. काहीच होणार नाही, आणि ह्या पोरीला पुरावा पुरावा करायला शिकवून मी तिचं गावात हसं करून ठेवलं.

"सोमा," नाना म्हणाले.

आजी खुर्चीवरून उठली.

आधी मला वाटलं तिला कंटाळा आला, घरी निघाली. पण ती कुठं गेली नाही. खुर्चीच्या दांडीला धरून, गुडघे सावरत, ती हळूहळू खाली मातीत बसली. डोईवरचा पदर हातभर पुढं ओढून घेतला. तोंड दिसेनासं झालं. सासरा सोप्यात आला की नव्या सुनेनं बसावं, तशी अंग चोरून बसली.

बायकांना आधी कळलं. मागच्या दोन-चार म्हाताऱ्यांनी नकळत आपापले पदर सारखे केले. मग पुरुषांना कळलं. अश्विनीचे वडील आईकडे बघत राहिले. आपल्या घरात आणखी एक माणूस होता हे त्यांना त्या क्षणी कळत होतं.

नानांनी कागद खाली घेतला. पुढची नावं वाचायची राहिली होती, ती त्यांनी वाचली नाहीत. टाचा जुळवून उभे राहिले. त्या तीन घरांकडे वळून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "कुणाला कागद बघायचाय का अजून?"

माझ्या सगळ्या नोकरीत मी असा पुरावा पाहिला नव्हता. आता तो कुठल्या पुस्तकात, कुठल्या तळटीपेत लिहावा, हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

नानांनी सातही नावं पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, वाचून काढली. ती संपेस्तोवर आजी मातीतच बसून होती. रिकाम्या खुर्चीवर ऊन आलं. तिला कुणी वर बसा म्हणालं नाही, आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.